खराडे सरांचा घडीचा चाकू

"…आणि मिटताना बोटावर आला तर?"

खराडे सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीरबाबानं तिसऱ्यांदाही उत्तर दिलं नाही. त्याचा पाय खालची फळी दाबत होता, सायकलच्या चाकाला जोडलेला दगड गरगरत होता आणि कुणाच्या तरी कोयत्यावरून ठिणग्या उडत होत्या.

"मिस्त्री, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकतोय की."

"मग उत्तर द्या."

"कोयता तापलाय. जरा थांबा…"

सर थांबले. म्हणजे बाकड्यावर बसून राहिले. मनानं थांबणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

पीराच्या टेकडीखाली एक चिंचेचं झाड आहे. त्याच्या सावलीत पत्र्याचं छप्पर टाकून दस्तगीर शिकलगार पन्नास वर्षं धार लावत बसला होता. वय ऐंशीच्या पुढं. चार गावांच्या विळ्या, सुऱ्या, कोयते त्याच्याकडे यायचे. लोक त्याला बाबा म्हणायचे ते दाढीमुळं नव्हे. त्याची एक खोड होती. रागानं लाल होऊन कुणी हत्यार घेऊन आला, की तो म्हणायचा, "दगड बिघडलाय, उद्या या." दगड धडधाकट असायचा. उद्यापर्यंत निम्मी भांडणं आपोआप विरून जायची. कुणी पुन्हा येऊन बाबाच्या पायावर हात ठेवायचा, तर बाबा विचारायचा, "विळी आणलीस का?"

सर मात्र पाया पडायला आले नव्हते. ते चाकू घ्यायला आले होते.

हे खराडे सर म्हणजे आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटरच्या पोरांना शिकवलेले विश्वनाथ खराडे. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर उपाशी राहत नाही, असं तालुक्यात म्हणत. आणि हे सगळ्यांत जास्त वेळा सरच म्हणत. कानस कशी धरावी इथपासून देश कसा चालवावा इथपर्यंत त्यांना सगळं ठाऊक होतं. 'आपला हात जगन्नाथ' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरांना सांगत, बायकोला सांगत, सांगायला कुणी नसलं तर आरशाला सांगत.

गेल्या वर्षी लकवा आला आणि त्या जगन्नाथातला डावा हात गेला.

पाय वाचला, वाचा वाचली. हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. बायको, इंदुमती, त्याच्या आधी वर्षभर गेली होती. ती असती तर हाताचं एवढं जाणवलंही नसतं, असं सरांना वाटे, आणि तसं वाटलं की ते उठून टीव्ही मोठा करत. बातम्या ऐकायला नव्हे. घरात कुणाचा तरी आवाज पाहिजे म्हणून. दोन खोल्यांचं ते घर त्यांना खायला उठायचं.

लेक गावातच होती. वैजयंती. पोस्टात नोकरीला. ती रोज सकाळी कामावर जाताना यायची, दुधाची पिशवी कापून दूध तापवायची, पेरूच्या फोडी करून डब्यात ठेवायची, गोळ्या पाकिटातून काढून वाटीत मांडायची. एकदा सरांनी ती वाटी पाहिली आणि त्यांचं डोकं फिरलं. म्हणाले, मी अजून मेलेलो नाही, मला घास भरवायला येत जाऊ नकोस.

वैजू उठली. वाटी धुऊन पालथी घातली आणि गेली.

तेव्हापासून ती सकाळी आठला फोन करायची. जेवण नीट होतं ना? होतं. गोळ्या? घेतल्या. सगळं ठीक? ठीक. एवढंच. फोन ठेवल्यावर सर बराच वेळ तो हातातच धरून बसत. आणि मग एकतीस वर्षं मायक्रोमीटर हाताळलेला हा माणूस दुधाची पिशवी दातानं फोडायचा. निम्मं दूध ओट्यावर.

आता वैजूनं तिच्या घराची खालची खोली रिकामी केली होती. भाडेकरू गेला, दुसरा ठेवला नाही. "अप्पा, रविवारपर्यंत सांगा," म्हणाली. सर बाबाकडं आले तो शनिवार होता.

लेकीच्या दारात जाऊन राहायचं? सरांच्या जिवाला हे पटत नव्हतं. पण नाही म्हणायचं तर काहीतरी आधार हवा. म्हणून त्यांनी मनाशी एक पैज लावली. एका हातानं उघडणारा, एका हातानं मिटणारा, बोट न कापणारा आणि जन्माला पुरणारा चाकू मिळाला, तर वैजूला नाही सांगायचं. नाही मिळाला, तर गाठोडं बांधायचं. आणि ही पैज वैजूला ठाऊकसुद्धा नव्हती.

एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं, सर, तसला चाकू कुणाकडं असला तर दस्तगीरबाबाकडं. सरांनी नाक मुरडलं. दगडावर धार लावणारा मला काय सांगणार? आणि मग गुपचूप रिक्षा केली.

तर असे सर बाकड्यावर बसले होते.

कोयता झाला. बाबानं तो बाजूला ठेवला, डोळ्यांवरची धूळ पुसली आणि विचारलं, "कापायचंय काय तुमाला?"

सरांनी यादी सांगितली. दुधाची पिशवी, पेरू, गोळ्यांची पाकिटं, सुतळी, आणि गच्चीत चार कुंड्या आहेत त्यांचं काय असेल ते.

"एवढ्याला घरातली सुरी हाय की."

"सुरी ओट्यावर राहते. मी ओट्यावर राहत नाही." सर जरा तडकलेच. "खिशात राहील असा पाहिजे. जिथं जाईन तिथं कुणाच्या तोंडाकडं बघायला नको."

बाबानं मान हलवली. खिशातला म्हणजे घडीचा, एवढंच पुटपुटला.

सरांनी पिशवीतून तीन चाकू काढले आणि बाकड्यावर ओळीनं मांडले. मोबाईलवर बघून बघून मागवलेले. मग त्यांनी जे व्याख्यान सुरू केलं, ते आयटीआयच्या पहिल्या सत्राला पुरलं असतं. पोलाद कुठलं, पाणी किती दिलेलं, जास्त कडक पातं धारेला चांगलं पण टवके उडतात, मऊ पातं बोथटतं पण दगडावर लगेच वळणावर येतं. सगळं खरं होतं. बाबा ऐकत होता की झोपला होता, ते कळत नव्हतं.

व्याख्यान संपल्यावर बाबानं पहिला चाकू उचलला. पात्याकडं त्यानं पाहिलंच नाही. मूठ धरून पातं नुसतं कानाजवळ हलवलं.

"पातं बघा ना," सर म्हणाले.

"पात्यानं चाकू मरत न्हाई, मास्तर. सांध्यानं मरतो."

पहिल्या चाकूला खटकाच नव्हता. पाठीच्या पट्टीच्या जोरावर पातं उभं राहायचं, आणि ती पट्टी ढिली. पेरूत रुतला की मागं वळून बोटावर येणार. सरांच्या तर्जनीवर त्याची खूण होती. बाबानं ती पाहिली आणि चाकू खाली ठेवला.

तिसरा त्यानं आधी घेतला. पातं जिच्यावर फिरतं ती रिबीट काडीसारखी बारीक. पातं डावी-उजवीकडे डुलत होतं. दोन महिन्यांत ही गत, मग जन्माला कसा पुरायचा?

दुसरा मात्र चांगला जाडजूड होता. मुठीच्या आत पत्र्याची जीभ, ती पात्याला टेकली की पातं हलायचं नाव घेत नव्हतं. बाबानं तो उघडला आणि मिटण्यासाठी अंगठा आत घालून ती जीभ बाजूला सारली. सारली आणि तसाच थांबला. अंगठा बरोबर पात्याच्या वाटेत होता.

"मिटायचा तर अंगठा धारंखाली घालायचा," बाबा म्हणाला. "बोटावर आला तर, म्हणून तीनदा इचारलंत. येणारच की."

तीनही चाकू त्यानं परत पिशवीत घातले. सरांना वाटलं, संपलं. पैज हरलो. वैजूच्या खालच्या खोलीतली खिडकी, त्या खिडकीतून दिसणारे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय, आणि आपण कॉटवर बसलेलो, असं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं.

"तुमच्याकडं एखादा आहे का?"

बाबा उठला. लोखंडी पेटी उघडली, फडक्यात गुंडाळलेला एक चाकू काढला. रिकामपणी वर्षाला एखादा चाकू तो स्वतः करायचा, एवढं विद्यार्थ्यानं सांगितलं होतं. मूठ बाभळीच्या गाभ्याची, काळपट. पितळेच्या तीन रिबिटी, चांगल्या जाड, ठोकून मुठीत बसवलेल्या. पात्याच्या कुशीत अंगठ्यासाठी एक छोटं पितळी बोंड. आणि मुठीच्या पाठीवर, मागच्या अंगाला, खटका.

सरांनी उजव्या अंगठ्यानं बोंड सारलं. पातं उलगडलं आणि खट्कन बसलं.

त्यांनी ते हलवून पाहिलं. हलेना. कानाशी नेलं. आवाज नाही. बाकड्याच्या लाकडात टोक रोवून मागं रेटलं. पातं जागचं ढळलं नाही. उजेडाकडं धरून सांध्याची फट शोधली, फट नव्हती. एकतीस वर्षांत किती पोरांना ते म्हणाले असतील, की सांधा असा करा की उजेड जाता कामा नये. एकाही पोरानं असा केला नव्हता. खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःही केला नव्हता.

"बोटावर येणार नाही?"

"न्हाई. खटका पाठीवर हाय. धारंच्या वाटंत बोट जायाचं कारणच न्हाई."

"टिकेल?"

"माझ्यामागं टिकंल. तुमच्यामागंबी."

कित्येक महिन्यांत सरांना एवढं बरं वाटलं नव्हतं. रविवारी वैजूला काय सांगायचं, ते वाक्यसुद्धा त्यांनी मनात जुळवून टाकलं. नको गं, माझं व्यवस्थित चाललंय.

बाबानं चाकू परत घेतला. चाकावर नाही, मांडीवरच्या पाणी मारलेल्या दगडावर दहा-बारा वेळा इकडून, दहा-बारा वेळा तिकडून फिरवला. नखावर धार पाहिली. मग समोरच्या पोत्यावर उघडाच ठेवला आणि हात मागं घेतला.

"मिटा आणि न्या. मिटला की तुमचा."

"तुम्हीच मिटून द्या की."

"आमच्यात ती रीत न्हाई. धार लावली की शिकलगारानं चाकू उघडा ठिवायचा. मिटायचा ज्याचा त्यानं. माझ्या बापानं कुणाचा मिटला न्हाई, मी न्हाई मिटला."

सरांनी चाकू उचलला. मिटून पाहायचं तेवढं राहिलं होतं. पाठीवरचा खटका अंगठ्यानं दाबला. दाबलं की पातं मोकळं होत होतं, पण मिटायला ते मागून ढकलायला हवं. ढकलायला हात हवा. हात तर खटक्यावर. खटका सोडला की पातं पुन्हा ताठ.

त्यांनी चाकू गुडघ्यांत धरून पाहिला, तर मूठ निसटली. पात्याची पाठ चिंचेच्या बुंध्याला लावून रेटली, तर साल निघाली. बाकड्याच्या कडेला टेकवली, तर बाकडं हललं. कपाळावर घाम आला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नव्हे. सर पुटपुटत होते, कोन बदलला पाहिजे, जोर इथं यायला हवा…

तेवढ्यात खालच्या वस्तीतली एक बाई विळी घेऊन आली. विळी ठेवता ठेवता तिनं सरांची धडपड पाहिली, लोंबणारा हात पाहिला आणि सरळ पुढं झाली.

"द्या इकडं, मी मिटते."

"नको. जमेल."

"अवो, पट्दिशी हुईल."

"नको म्हटलं ना!"

बाई मागं सरली. बाबाला म्हणाली, विळी संध्याकाळी नेते, आणि पदर सावरत निघून गेली. ती टेकडीच्या वळणाआड दिसेनाशी होईतो सर तिच्या पाठीकडं बघत राहिले. आपण उगाच खेकसलो, हे त्यांना कळत होतं. वैजूवर खेकसलो तेव्हाही कळत होतं.

आता छपराखाली दोघंच उरले. बाबानं तिची विळी उचलली आणि खाली ठेवली. चाक फिरवलं नाही.

शेवटी सरांनी नेहमीची युक्ती काढली. बाकड्यावर बसून त्यांनी उजवी मांडी पुढं केली आणि पात्याची पाठ मांडीवर टेकवली. टेकवली, आणि त्यांचा सगळा चेहरा आवळला. चाकू हातातून पोत्यावर पडला.

बाबानं त्यांच्या मांडीकडं पाहिलं. पॅन्टच्या कापडाखाली जाड पट्टी बांधलेली कळत होती.

"कधी?" बाबानं विचारलं.

"पंधरा दिवस झाले."

"टाकं?"

"घातले नाहीत."

"कुणाला ठावं?"

चिंचेची बारीक पानं पोत्यावर पडत होती, त्या उघड्या पात्यावरही दोन-चार पडली.

आणि मग, का कोण जाणे, त्यांनी सांगून टाकलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते या धार लावणाऱ्या माणसाला सांगितलं. दुसरा चाकू मांडीवर रेटून मिटायला गेले. जीभ नीट सरली नव्हती, पातं फिरलं आणि मांडीत घुसलं. ओट्यापाशीच फरशीवर बसले. टॉवेल हाताला लागला तो दाबून धरला. रक्त थांबेना, म्हणून दाबलेला हात काढता येईना. आठ वाजले. वर फळीवर फोन वाजायला लागला.

वैजूचा.

हात एकच. फोन घ्यायचा तर जखम सोडायला हवी. जखम धरायची तर फोन वाजू द्यायला हवा. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. सर खालून त्याच्याकडं बघत राहिले. भिंतीपलीकडं शेजारी होते. एक हाक मारली असती तरी धावत आले असते. सरांनी हाक मारली नाही. बारा वाजेपर्यंत ते तसेच फरशीवर बसून होते. सांडलेलं दूध त्यांच्या पायाशी वाळून गेलं.

दुपारी त्यांनी स्वतः वैजूला फोन केला आणि सांगितलं, अंघोळीला गेलो होतो.

"काय म्हनली?" बाबानं विचारलं.

"म्हणाली, बरं."

बाबानं पोत्यावरचं एक पान उचललं.

"नुसतं बरं म्हणाली, मिस्त्री. एवढा वेळ अंघोळ कोण करतं, असंसुद्धा विचारलं नाही तिनं."

सरांना वाटलं, आता हा म्हातारा ऐकवणार, एका हातानं टाळी वाजत नाही. उत्तरही त्यांनी तयार ठेवलं होतं. पण बाबानं तसलं काही ऐकवलं नाही. त्यानं फक्त विचारलं, "दुखतंय?"

"नाही."

बाबा थांबला.

"…दुखतं," सर म्हणाले.

ऊन सरकत बाकड्याच्या पायापाशी आलं. चाकू दोघांच्या मध्ये उघडा पडला होता. सरांना घरी जाता आलं असतं. चाकू तिथंच टाकून, रिक्षा थांबवून, सरळ. तीन वेळा ते उठायला झाले आणि तीन वेळा बसले. असला सांधा पुन्हा बघायला मिळायचा नाही, हे एक. आणि दुसरं असं, की घरी जाऊन करायचं काय होतं? टीव्ही मोठा करायचा.

त्यांनी चाकू उचलला. बाबाकडं पाहिलं.

एकतीस वर्षं हा माणूस 'धर', 'सोड', 'आण इकडं' म्हणत आला होता. पण ते सगळे हुकूम. इंदुमतीला तर ते म्हणावंही लागायचं नाही, तिचा हात आधीच पुढं आलेला असायचा. आता एक साधं वाक्य बोलायचं होतं, पोरंसोरं दिवसातून दहादा बोलतात तसलं. आणि सरांना तेवढं जमेना.

बाबा चाकाच्या पट्ट्यावरची धूळ झाडत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"बाबा…"

सबंध दुपारभर मिस्त्री म्हटलेल्या माणसाला सर पहिल्यांदा बाबा म्हणाले.

"बाबा, जरा धरता का?"

म्हातारा इतक्या चटकन उठला की त्याचे ऐंशी वर्षांचे गुडघे कडकड वाजले. सरांच्या हातातली मूठ त्यानं खालून धरली, पाठीवरचा खटका अंगठ्यानं दाबला आणि थांबला. पात्याला त्यानं स्पर्श केला नाही. सरांनी उजव्या हाताचा तळवा पात्याच्या पाठीवर ठेवला आणि हळूच दाबला.

चाकू मिटला. लहान पोरानंही मिटला असता, इतक्या सहज.

बाबाचा हात मात्र लगेच सुटला नाही. दगडासारखा खरखरीत, गरम हात. डॉक्टरांनी नाडी बघितली ती सोडली, तर गेल्या कित्येक दिवसांत सरांच्या हाताला कुणाचा हात लागला नव्हता. सरांना रडू आलं. त्यांनी ते आवरायचा प्रयत्न केला, खोकल्याचं सोंग केलं, पण रडू आलंच. बाबा चिंचेकडं बघत उभा राहिला.

थोड्या वेळानं सरांनी नाक पुसलं, चाकू शर्टाच्या खिशात टाकला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली. एक पाय आत टाकला आणि ते तसेच थबकले. आतला फिटर जागा झाला होता.

ते परत छपरापाशी आले.

"बाबा, ह्याच्यात एक घोटाळा आहे."

बाबानं बाईची विळी दगडाला लावली होती. चाक अजून फिरायचं होतं.

"घरी मी हा उघडेन. उघडता येतो मला. पण मिटायचा कसा? एकट्याला हा जन्मात मिटायचा नाही."

बाबानं पाय फळीवर ठेवला.

"म्हणून तर ह्योच दिला, मास्तर."